सल्ला कोणी द्यायचा? पालघर जिल्ह्यातल्या कचेऱ्या, कायदे आणि अर्जदार

या व्याख्यानमालेच्या नेहमीच्या श्रोत्यांना ठाऊक आहे की आम्ही मुळात तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. इतिहासाकडे वळतो तेव्हाही एखादा शब्द हातात धरून वळतो. आजचा शब्द अगदी रोजचा आहे: सल्ला. आणि प्रदेश आपलाच आहे. किनाऱ्यावरचं पालघर, बोईसर, तारापूर, आणि वर डोंगरातलं जव्हार-मोखाडा.

गेल्या साठेक वर्षांत या प्रदेशातल्या सरकारी कचेऱ्यांची मोठी फेररचना तीनदा झाली. १९६२ साली जिल्हा परिषद आणि पंचायत समित्या आल्या. २०१४ साली जिल्हाच नवा झाला. आणि त्याच्या आगेमागे कचेरीची खिडकी संगणकावर गेली. तिन्ही वेळा आपल्याला सांगण्यात आलं की शासन आता लोकांच्या दारी येत आहे. अंतर कमी झालं, हे खरंच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्याला वाचता येत नाही, ज्याच्याकडे पुरेसे कागद नाहीत, जो वर्षातले सहा महिने वीटभट्टीवर असतो, त्याला शेजारी बसवून "तुझा हक्क हा आहे, तो अमुक ठिकाणी मागायचा, नाही मिळाला तर तमुक ठिकाणी जायचं" हे सांगण्याचं काम कोणाचं? आमचं म्हणणं असं की हे काम तिन्ही फेररचनांत कोणाच्याही टेबलावर नीट आलं नाही. ते दुसऱ्यांनी केलं. कोणी केलं, कशाच्या बळावर केलं, आणि आज ते कोणाच्या हाती आहे, हे पाहायचं आहे.

आधी शब्द नीट लावून घेऊ, कारण सरकारी कागदांत तीन गोष्टींची सरमिसळ होते: माहिती, सेवा आणि सल्ला. समजा, मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरची विधवा बाई तहसील कचेरीत आली. भिंतीवरच्या फलकावर संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अटी लिहिल्या आहेत, ती झाली माहिती. तिला उत्पन्नाचा दाखला काढून मिळाला, ती झाली सेवा. आता तिसरी गोष्ट. कोणीतरी तिला बसवून विचारतं, "बाई, नवरा कधी गेला? वय काय होतं? कशाने गेला? कुठे कामाला होता? मुलं किती, कुठे शिकतात? वनजमीन कसता का? दावा कोणाच्या नावावर आहे?" या प्रश्नांतून निघतं की घर दारिद्र्यरेषेखालचं आहे आणि कमावता नवरा साठीच्या आत गेला आहे, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार रुपयेही तिला मागता येतात. निघतं की तो बांधकामावर होता, तर बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंदणी होती का, हेही पाहायला हवं. बाई आली होती एक गोष्ट मागायला आणि तिचे हक्क निघाले तीन. हा सल्ला. अर्ज भरण्याच्या आधीच तो सुरू होतो आणि अर्ज नामंजूर झाल्यावरही संपत नाही. खिडकीवरच्या माणसाचं काम मात्र अर्ज आल्यावर सुरू होतं आणि पोच दिली की संपतं.

आता इतिहासाकडे.

स्वातंत्र्याच्या आधी या भागात कागदाची मालकी जमीनदार, सावकार आणि जंगल ठेकेदारांकडे होती. डहाणू आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या वारल्यांच्या जमिनी त्यांच्या हातून कशा गेल्या, वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथा कशा चालत, याचं चित्र सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या अहवालात आहे. १९३७ साली मुंबई प्रांतात पहिलं लोकनियुक्त मंत्रिमंडळ आलं आणि त्या दशकाच्या अखेरीस हा अहवाल तयार झाला. लग्नगडी म्हणजे काय? लग्नासाठी कर्ज घ्यायचं आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने सावकाराकडे राबायचं. किती फिटलं, किती राहिलं, हे सावकाराच्या वहीत. वही वाचता येत नाही, म्हणून ऋण संपत नाही. अज्ञानाची किंमत इथे माणसाच्या आयुष्याच्या वर्षांत मोजली जात होती. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला, तेव्हा त्यांचा रोख याच जागेवर होता. कागद लिहिणारा आणि कागदावर अंगठा उठवणारा यांच्यातल्या दरीवर.

या दरीवर पहिला पूल कोणी टाकला? १९४० साली बाळासाहेब खेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिवासी सेवा मंडळ स्थापन केलं. आश्रमशाळा, सहकारी संस्था, शिक्षण हा त्यांचा मार्ग. दुसरा मार्ग किसान सभेचा. १९४५ च्या मे महिन्यात झरी इथे वारल्यांची सभा झाली. हे गाव तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं, आज तलासरी तालुक्यात आहे. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी तिथे जे सांगितलं ते आजच्या भाषेत सल्लाच होता. वेठ करणं हे कायद्याने तुमच्यावर बंधनकारक नाही. रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय शेतावर राबू नका. सावकाराने किंवा शिपायाने दम दिला तर एकटे जाऊ नका. कायदा आधीपासून होता, तो लोकांपर्यंत पोचला झरीच्या सभेनंतर. त्या ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार मारले गेले. हक्क कळण्याची एवढी किंमत या मातीने मोजली आहे, म्हणून आम्ही सल्ला या शब्दाकडे किरकोळ गोष्ट म्हणून पाहत नाही. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी अनेकांनी ते वाचलेलं असेल. नसेल तर जरूर वाचा.

आता त्याच वर्षीची दुसरी गोष्ट. १९४५ मध्येच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या, आणि १९५७ साली त्यांचं केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. सोपं उत्तर असं होतं की पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही. ताराबाईंनी ते उत्तर मानलं नाही. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल, असं त्यांनी ठरवलं. पाड्यावरच्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरणारी ती कुरणशाळा. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. या गोष्टीत एक तत्त्व आहे. जो दुबळा आहे त्याने चालत यायचं की जो समर्थ आहे त्याने चालत जायचं? कोसबाडने याचं उत्तर ऐंशी वर्षांपूर्वी दिलं. शिक्षणात आपण ते स्वीकारलं. कचेरीच्या कारभारात अजून स्वीकारलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतर जव्हार संस्थान १९४८ साली विलीन झालं. १९६० साली राज्यांची सीमा ठरताना उंबरगाव गुजरातेत गेलं आणि काही गावं इकडे राहिली. १९६२ च्या १ मे रोजी राज्यभर जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाना, रस्ता, विहीर यांचा कारभार निवडून दिलेल्या माणसांकडे आला. ही मोठी गोष्ट होती. पण जिल्ह्याचं ठिकाण ठाणेच राहिलं. मोखाड्याच्या माणसाने आपल्या जिल्हा परिषद सदस्याला भेटायचं तर एक दिवस जायला आणि एक यायला. ग्रामसेवक आणि तलाठी ही गावातली दोन माणसं सगळ्या सरकारची प्रतिनिधी. त्यांतला एखादा भला निघाला तर सल्ला मिळायचा. भला माणूस निघणं हा नशिबाचा भाग झाला. व्यवस्था त्याला म्हणता येत नाही.

मग आली सत्तरची दशकं आणि कायद्यांची रांग लागली. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्यासंबंधीचे कायदे १९७४ आणि १९७५ साली झाले. कर्जमुक्तीचा कायदा १९७५ चा. वेठबिगारी निर्मूलनाचा केंद्रीय कायदा १९७६ चा. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. संजय गांधी निराधार योजना १९८० ची. इतके चांगले कायदे एवढ्या थोड्या काळात क्वचितच झाले असतील. पण जमीन परत मिळण्यासाठी सात-बारा, फेरफार, खरेदीखत यांची तारीखवार जुळणी करावी लागते. ते कोण करणार? इथे पुन्हा दुसरे लोक पुढे आले. पालघर-मनोरच्या पट्ट्यात काळूराम धोदडे यांची भूमिसेना. डहाणू-जव्हारकडे १९७८ पासून कष्टकरी संघटना. वसई-भिवंडीकडून १९८२ नंतर श्रमजीवी संघटना, जिची सुरुवातच वेठबिगार मुक्तीतून झाली. तलासरी-डहाणूत लाल बावटा होताच. त्यांची राजकीय मतं वेगळी होती, आपसांत भांडणंही होती. पण त्यांच्या रोजच्या कामात एक गोष्ट समान होती: समोर बसलेल्या माणसाचं ऐकायचं, त्याचा कागद वाचून दाखवायचा, अर्ज लिहायचा, त्याच्याबरोबर कचेरीत जायचं. मोर्चे वर्तमानपत्रांत आले, हे काम आलं नाही.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली आणि महाराष्ट्र हादरला. त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आलं आणि जिल्हा विभाजनाच्या मागणीला जोर चढला. मागणीमागचा युक्तिवाद सरळ होता: कचेरी लांब आहे म्हणून माणसं मरतात. तो अर्धा बरोबर होता.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा झाला. आठ तालुके: पालघर, वसई, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा. मुख्यालय पालघरला की जव्हारला, यावर वाद झाला आणि पालघर ठरलं. रेल्वे तिथे आहे, ही बाजूची गोष्ट. मोखाड्याहून ते आजही शंभर किलोमीटरच्या घरात आहे, ही उलट बाजूची. पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला सिडकोने जिल्हा मुख्यालयाचं संकुल उभारलं, २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याचं उद्घाटन झालं. इमारती देखण्या आहेत. एका आवारात जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, पोलीस, सगळं आहे. सोय झाली, हे मान्य करायलाच हवं. मात्र फेररचनेचे टप्पे एकसारखे पडले नाहीत. महसुली जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, पण न्यायालयीन जिल्हा त्यानंतरही बरीच वर्षं ठाणेच होता. आता न्यायालयीन जिल्ह्याशी सल्ल्याचा काय संबंध? फार जवळचा आहे, कारण सल्ला देण्याचं काम ज्या एकाच सरकारी यंत्रणेवर कायद्याने टाकलेलं आहे, ती न्यायालयाशी जोडलेली आहे.

तो कायदा म्हणजे विधी सेवा प्राधिकरण कायदा. तो १९८७ साली मंजूर झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याचं १२ वं कलम आम्ही या प्रदेशाच्या संदर्भात पुन्हा पुन्हा वाचतो. मोफत विधी सेवा कोणाला? अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला. वेठबिगारीला बळी पडलेल्याला. स्त्रियांना आणि मुलांना. अपंग व्यक्तीला. जातीय हिंसा, पूर, दुष्काळ, भूकंप किंवा औद्योगिक आपत्तीत सापडलेल्याला. औद्योगिक कामगाराला. कोठडीत असलेल्याला. शिवाय ठराविक उत्पन्नाखालच्या कोणालाही. ही यादी जणू पालघर जिल्हा समोर ठेवून लिहिली आहे! जव्हारचा आदिवासी यात आहे, वीटभट्टीवरचा मजूर आहे, तारापूर औद्योगिक वसाहतीतला कामगार आहे, तिथे स्फोट झाला तर जखमी होणारा आहे. या जिल्ह्यातली बहुसंख्य माणसं या कलमात बसतात. त्यांतल्या किती जणांना ते ठाऊक आहे, हे ज्याने त्याने आपल्या शेजारी विचारून पाहावं. २०११ च्या नियमांनुसार गावोगाव विधी सेवा केंद्रं आणि तिथे बसणारे विधी स्वयंसेवक ही कल्पनाही आली आहे. पण जिल्हा परिषद, नगरपरिषद, ग्रामपंचायत यांच्या कारभाराशी तिची सांधेजोड झाली नाही. एकीकडे सल्ल्याचा कायदा, दुसरीकडे दाखल्याची खिडकी, आणि मधे अर्जदार.

आता खाली बोईसर-तारापूरला येऊ, कारण तिथे दुबळेपणाचं रूप वेगळं आहे. तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले, देशातले पहिले. तिसरा आणि चौथा संच २००५-०६ साली आले आणि त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांना उठावं लागलं. विस्थापितांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. शेजारीच औद्योगिक वसाहत. तिच्याबरोबर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडून कामगार आले, आणि चाळींतून, भाड्याच्या खोल्यांतून राहू लागले. वस्ती शहराएवढी, कारभार मात्र वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीचा. नगरपरिषदेची मागणी जुनी आहे. या कामगाराचं रेशनकार्ड गावी, मतदान गावी, पगार ठेकेदाराकडून, आणि खोलीचं भाडं पावतीशिवाय.

त्याचा हात यंत्रात गेला तर त्याने कुठे जायचं? कर्मचारी राज्य विमा लागू असेल तर विमा महामंडळाकडे. लागू नसेल तर नुकसानभरपाईच्या कायद्याखाली दावा, आणि तो साधारणपणे दोन वर्षांच्या आत. ठेकेदाराने त्याचं नावच हजेरीत धरलं नसेल तर आधी तो तिथे कामाला होता हेच सिद्ध करायचं. ही तीन वेगवेगळी दारं आहेत. चुकीच्या दारावर सहा महिने काढले की बरोबरच्या दाराची मुदत तेवढी घटते. मुकादम म्हणतो, "दवाखान्याचा खर्च केला ना, आता सही कर." त्या सहीच्या आधीच्या तासाभरात सल्ला मिळाला तर उपयोग. नंतर मिळाला तर त्याच्या बोटांसारखाच तोही परत येत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत हे सगळं एकदम उघडं पडलं. त्या मे महिन्यात गावी जाणाऱ्या श्रमिक गाड्यांसाठी अर्ज भरायचे होते, नावं नोंदवायची होती, वैद्यकीय तपासणीचे कागद लागत होते, नियम दर चार दिवसांनी बदलत होते. अर्ज कुठला आणि द्यायचा कुठे, हे सांगणारा माणूस मिळणं गाडीत जागा मिळण्याइतकंच अवघड होतं.

इथे कोणी म्हणेल, "सर, आता सगळं संगणकावर आहे, मोबाईलवर आहे." बरोबर. तहसील कचेरीत सेतू सुविधा केंद्रं आली. २०११ साली ग्रामपंचायतींत संग्राम केंद्रं आली, पुढे त्यांच्या जागी आपले सरकार सेवा केंद्रं आली. २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा झाला. हा कायदा चांगला आहे, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. अर्जाची पोच, सेवेची ठरलेली मुदत, नाकारल्यास लेखी कारण, पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. पण अपील करायचं तर आधी सेवा नाकारली गेली आहे हे कळायला हवं. पडद्यावर 'त्रुटी' एवढाच शब्द येतो. त्रुटी कसली, ती कशी दूर करायची, की ती त्रुटीच नाही आणि अपील करायचं आहे, हे कोण सांगणार? केंद्रचालकाला दर अर्जामागे पैसे मिळतात, समजावून सांगण्यामागे काहीच मिळत नाही. त्याला दोष देता येत नाही, व्यवस्थेने त्याला तेवढंच काम दिलं आहे. मग केंद्राच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानाशी एजंट उभा राहतो. तो मात्र सगळं समजावून सांगतो. आणि त्याचे पैसे घेतो.

थोडा वेळ आमच्या विषयात जाऊ द्या. न्यायदर्शनात ज्ञानाचं एक साधन मानलं आहे: शब्द, म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त कोण? वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात त्याचं लक्षण दिलं आहे. ज्याने विषय स्वतः नीट जाणलेला आहे, जसा जाणला तसाच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, आणि जो सांगायला प्रवृत्त होतो, तो आप्त. पुढे वात्स्यायन म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. म्हणजे आप्त होण्याला कुळ लागत नाही, पदवी लागत नाही.

आता हे लक्षण आपल्या माणसांना लावून पाहा. कारकून जाणतो, पण सांगायला त्याला सवड नाही आणि बहुधा तशी आज्ञाही नाही. एजंट जाणतो, सांगतोही, पण जसं आहे तसं सांगण्यात त्याचं नुकसान आहे. फुकट मिळणारी गोष्ट फुकट आहे हे तो सांगणार नाही. शेजारीपाजारी जीव तोडून सांगतात, पण त्यांना नियम ठाऊक नसतात. मोबाईलवर माहिती आहे, पण तो बहुधा आपण होऊन "नवरा कशाने गेला?" असं विचारत नाही. तिन्ही लक्षणं एकत्र आली ती संघटनेच्या कार्यकर्त्यात, एखाद्या शिक्षकात, अंगणवाडी ताईत, चांगल्या विधी स्वयंसेवकात. यातल्या बहुतेकांच्या कामाच्या यादीत हे काम लिहिलेलंच नाही, आणि जिथे लिहिलं आहे तिथे ते कचेरीपासून सुटं राहिलं आहे.

गंमत पाहा, कायद्याने स्वतः शब्दाला प्रमाण मानल्याचं एक उदाहरण याच डोंगरात रोज लागू पडतं. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत वडीलधाऱ्यांचं लेखी नोंदवलेलं निवेदन आहे. दावेदार सोडून गावातला म्हातारा जर सांगत असेल की ही जमीन याचा बाप कसत होता, तर तो पुरावा आहे. तरीही कागदी पुरावा नाही म्हणून दावा अडकल्याचं सांगणारे लोक भेटतात. उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. साठ दिवस! दावेदार त्या वेळी भिवंडीच्या वीटभट्टीवर असतो. दिवाळीनंतर गेलेला माणूस पावसाच्या तोंडाशी परततो. पत्र घरी येऊन पडलेलं असतं.

जगात दुसरीकडे काय झालं, हे एकाच उदाहरणाने पाहू. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू होताच नागरिकांसाठी सल्लाकेंद्रं उघडली, एकदम सुमारे दोनशे. घर पडलं, नवरा आघाडीवर गेला, शिधापत्रिका हरवली, आता काय करायचं, हे सांगणारी. काम करणारे बहुतेक स्वयंसेवक. पुढे या केंद्रांचा मोठा खर्च स्थानिक नगरपालिका देऊ लागल्या. पण केंद्र पालिकेच्या ताब्यात नव्हतं. पालिकेच्याच पैशावर चालणारा सल्लागार पालिकेच्याच विरुद्ध नागरिकाचा अर्ज लिहून देई. अलीकडच्या वर्षांत तिथे पालिकांच्या तिजोऱ्या आटल्या, तेव्हा पहिली कात्री अशाच केंद्रांवर चालली. यातून दोन गोष्टी कळतात. सल्ल्याला कायमचा पैसा लागतो, आणि पैसा देणाऱ्यापासून त्याला मोकळीक लागते. आपल्याकडे संघटनांजवळ मोकळीक होती, पैसा नव्हता. सरकारी केंद्रांजवळ पैसा आहे, मोकळीक नाही.

मग आपण काय मागायचं? आम्ही योजना आखणारे नव्हे, पण इतिहास पाहून चार गोष्टी सुचतात.

पहिली, सल्ला हे काम दाखल्यापासून वेगळं करून कोणाच्या तरी नावावर लिहा. पंचायत समितीत, नगरपरिषदेत आणि बोईसरसारख्या मोठ्या ग्रामपंचायतीत एक माणूस असा असावा की ज्याचा पगार अर्जांच्या संख्येवर अवलंबून नाही.

दुसरी, कोसबाडचं तत्त्व. आठवडे बाजाराच्या दिवशी बाजारात बसा. पाळी सुटण्याच्या वेळी वसाहतीच्या फाटकाशी बसा. दिवाळीआधी, माणसं भट्टीवर निघण्यापूर्वी, पाड्यावर जा. आणि वारली बोलणारा, हिंदी बोलणारा माणूस बसवा.

तिसरी, विधी सेवेचे स्वयंसेवक आणि ग्रामपंचायतीचं केंद्र एका छताखाली आणा. नामंजूर झालेला प्रत्येक अर्ज केंद्रातून थेट त्यांच्याकडे गेला पाहिजे, मुदत संपायच्या आत.

चौथी, पैसा. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्क्यांचा अबंध निधी थेट मिळतो. त्याच्या मान्य कामांत वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी हे आहे. ग्रामसभेने ठरवलं तर वनहक्काचा सल्ला देणाऱ्याचं मानधन या निधीतून देण्याचा ठराव तिला मांडता येईल. रस्ता आणि समाजमंदिर डोळ्यांना दिसतं म्हणून त्याला पैसा सहज जातो. वेळेत झालेलं अपील दिसत नाही, पण त्यातून एका घराची जमीन वाचते.

यावर एक आक्षेप आम्हाला गंभीर वाटतो. सल्ला सरकारने पगारी केला तर संघटनांचं बळ जाईल, कार्यकर्त्याचा कर्मचारी होईल. भीती खरी आहे. झरीला जे सांगितलं गेलं ते कुठल्या पगारी माणसाने सांगितलं नसतं. म्हणूनच सल्लागाराची नेमणूक आणि बदली एकट्या अधिकाऱ्याच्या हाती नको, ग्रामसभेला त्यात मत हवं. आणि संघटनांचं काम संपत नाही. अर्ज लिहिण्यातून त्यांचे दिवस मोकळे झाले, तर नियमच चुकीचा असेल तिथे लढायला त्यांना सवड मिळेल.

हे सगळं आजच का? कारण या जिल्ह्यात नोटिसांचा हंगाम चालू आहे. बुलेट ट्रेनचा मार्ग इथून जातो. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. औद्योगिक वसाहत वाढते आहे. या प्रकल्पांबद्दल आपली मतं वेगवेगळी असतील, असू द्या. पण २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला ६० दिवस असतात, आणि ते साठ दिवस कळण्यातच गेले तर मत कुठलंही असलं तरी उपयोग नाही. १९४५ साली वारल्याला सावकाराची वही वाचता येत नव्हती. आज त्याच्या नातवाच्या हाती राजपत्राची प्रत आहे आणि पडद्यावर 'त्रुटी' हा शब्द. तो नातू बहुधा शाळेत गेला आहे, अक्षरं त्याला लागतात. त्या अक्षरांनी आपलं काय होणार आहे, हे समजावणारा माणूस मात्र त्यालाही लागतोच.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला आपल्याकडे ग्रामसभा होतात. आपल्यापैकी जे गावात राहतात त्यांनी पुढच्या सभेत एकच प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यावा: गेल्या वर्षात आपल्या गावातले किती अर्ज नामंजूर झाले आणि त्यांतल्या किती जणांना कारण समजावून सांगितलं गेलं? पहिल्या सभेत बहुधा आकडा मिळणार नाही. दुसऱ्या सभेत पुन्हा विचारा.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.